मारुती ८०० कार्बोरेटर: गरम झाल्यावर सिग्नलला थरथरते, मिक्श्चर स्क्रू फिरवून काही फरक नाही

सम्राटनगर_८००

गाडी १९९७ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, नुसत्या पेट्रोलवर, गॅस किट नाही. सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला चालू होते आणि थंड असेपर्यंत ठीक चालते. गरम झाली की आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) इंजिन थरथरतं, आरसा हलतो, कोल्हापुरात दसरा चौकात सिग्नलला उभी राहिली की बंद पडायची. पहिल्या-दुसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम उचलते. हायवेला चौथ्या गिअरमध्ये ६०-७० ला मात्र कसलीच तक्रार नाही.

गॅरेजला दाखवली. प्लग आणि एअर फिल्टर बदलला, कार्बोरेटर वरच्यावर साफ केला आणि रेसचा (आयडलचा वेग ठरवणारा) स्क्रू वाढवून दिला. आता बंद पडत नाही, पण मीटर लावून बघितलं तर आयडल ११५० आहे, आणि चावी बंद केल्यावरही इंजिन दोन-तीन सेकंद फटफट करत राहतं. मिक्श्चर स्क्रू (आयडलचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) पूर्ण आत घातला काय किंवा चार आटे बाहेर काढला काय, आवाजात फरक नाही. ॲव्हरेज १७ वरून १३ वर आलंय. गरम इंजिनाला चोक थोडा ओढून धरला तर थरथर कमी होते.

बाजारात नवा डुप्लिकेट कार्बोरेटर मिळतोय. बदलून टाकू का?

फिलरगेज

बदलू नका. आणि मिक्श्चर स्क्रूला सध्या हातही लावू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यातच निम्मं निदान आहे.

चोक हवा कमी करतो. तो ओढल्यावर इंजिन सुधारतं, म्हणजे आयडलला मिश्रण लीन आहे: पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर हिशेबाबाहेरची हवा आत शिरतेय. हायवेला सरळ चालते, म्हणजे मेन जेट (वेगात चालताना पेट्रोल देणारं मापाचं भोक), पंप, फिल्टर यांच्यावर संशय घ्यायचं कारण नाही. आयडलला मॅनिफोल्डमध्ये (कार्बोरेटरकडून सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळीत) व्हॅक्युम सगळ्यात जास्त असतो आणि एकूण हवा अगदी थोडी, म्हणून बारीकशी गळतीसुद्धा तिथे मोठी ठरते. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) उघडला की व्हॅक्युम उतरतो, हवा कितीतरी पट वाढते आणि तीच गळती जाणवेनाशी होते.

स्क्रूचा परिणाम का होत नाही? थ्रॉटलची प्लेट बंद असते तेव्हा आयडलचं पेट्रोल प्लेटच्या खाली एका बारीक भोकातून येतं. मिक्श्चर स्क्रूची टोकदार सुई त्या भोकात बसलेली असते. त्याच्या जरा वर, प्लेटच्या काठाशी एक उभी फट असते, तिला ट्रान्सफर स्लॉट म्हणतात. रेसचा स्क्रू वाढवला की प्लेट उचलली जाते, फट उघडी पडते आणि पेट्रोल तिथून यायला लागतं. मग मिक्श्चर स्क्रू कितीही फिरवा. पिकअपला जो क्षणभर खड्डा जाणवतो त्याचं एक कारण हेही असतं, कारण आयडलवरून मेन जेटवर जाताना लागणारा फटीचा आधार आधीच वापरला गेलेला असतो.

चावी बंद केल्यावर चालत राहणं ही वेगळी खूण आहे. कार्बोरेटरला एक वायर गेलेला सोलेनॉइड असतो. चावी दिली की तो आतली सुई मागे ओढून आयडलचा मार्ग उघडतो, चावी बंद केली की स्प्रिंग ती सुई पुढे ढकलून मार्ग बंद करते. इंजिन फटफटत राहतंय म्हणजे तो मार्ग बंद होत नाही. चावी देताना टिक् असा आवाज येतो का बघा. येत नसेल तर तपासून झाल्यावर सोलेनॉइड बाहेर काढा आणि सुई शाबूत आहे का ते बघा. सोलेनॉइड खराब झाला की नवा घालण्याऐवजी सुई कापून टाकायची ही पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते. गाडी चालू होते, पण पुढे हाच त्रास.

पेट्रोलकडे वळण्याआधी स्पार्क आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) बघून घ्या. ते नीट नसेल तर कार्बोरेटर कितीही ट्यून केला तरी इंजिन सरळ चालणार नाही, आणि दरवेळी दोष कार्बोरेटरलाच दिला जाईल.

गरम इंजिनाचे तिन्ही प्लग काढा आणि कुठला कुठल्या सिलिंडरचा हे लिहून ठेवा. टायमिंग बेल्टच्या बाजूचा १ नंबर. कोरडी काळी काजळी म्हणजे रिच (पेट्रोल जास्त) किंवा अशक्त स्पार्क. पेट्रोलने ओला म्हणजे पेटतच नाही. ऑइलने चिकट म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. पांढरट म्हणजे लीन. फिकट तपकिरी असेल तर ठीक. गॅप ०.७ ते ०.८ मिमी.

मग ड्रॉप टेस्ट. इंजिन आयडलला ठेवून एकेका प्लगची वायर काढायची आणि आरपीएम किती पडतो ते लिहायचं. वायर हवेत लोंबकळत ठेवू नका, कॉइलवर ताण येतो. जुना प्लग तिला लावून तो बॉडीला घट्ट टेकवून ठेवा. पकड इन्सुलेटेडच हवी. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर आरपीएम फारसा पडत नाही तो काम करत नाही.

कॉम्प्रेशन बघताना इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला आकडा कमीच येतो आणि चांगलं इंजिन उगाच उघडलं जातं. तिन्हींमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत घ्या. आकडा वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी आले तर हेड गॅस्केट.

व्हॅक्युम गेज मिळाला तर नक्की लावा. पुस्तकात १७ ते २१ इंच लिहिलेलं असतं ते समुद्रसपाटीचं. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचा. कोल्हापूर १८०० फुटांच्या वर आहे, म्हणून इथे १५ ते १९ ठीक. काटा स्थिर पण खाली असेल तर हवेची गळती किंवा मागे गेलेलं (ठिणगी उशिरा पडणारं) टायमिंग. ठरावीक लयीत एकाच जागी झटका मारत असेल तर व्हॉल्व्ह.

रंकाळा_साइड

वरच्याला जोडून. पावसाळ्यात आपल्याकडे डिस्ट्रिब्युटरची (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाची) टोपी आतून ओलसर होते. टोपी काढून उजेडात धरा, आतल्या पितळी बिंदूंच्या मध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर टोपी गेली. ती पुसून जात नाही, करंट त्याच वाटेने पळतो. रात्री बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, वायरींवर निळसर ठिणग्या दिसल्या तर वायरी बदला. मल्टिमीटरने मोजल्यास वायरीच्या मीटरमागे साधारण १० ते २० हजार ओहम येतात. एखादी वायर बाकीच्यांपेक्षा फारच वेगळी आली तर तीच खराब. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२, टोपी बदलताना वायरी उलटसुलट होऊ देऊ नका. पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर असेल तर पॉइंटचा गॅप ०.४ ते ०.५ मिमी ठेवा.

आणि डिपस्टिक काढून वास घ्या भावा. पेट्रोल पंप कॅमशाफ्टवर चालतो, त्याचा डायाफ्राम फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर पंप आणि ऑइल दोन्ही बदलल्याशिवाय गाडी चालवायची नाही. पातळ ऑइलवर बेअरिंग जातात.

सम्राटनगर_८००

तपासून आलो. आकडे असे:

प्लग १ आणि २ काळे, कोरडी काजळी. ३ पांढरट. गॅप तिन्हीला ०.८.

ड्रॉप टेस्ट ११५० वर: १ काढल्यावर ९४०, २ काढल्यावर ९५०, ३ काढल्यावर १०९०. १ आणि ३ चे प्लग अदलाबदल केले, परत ३ च अशक्त. तिन्ही वायरी मोजल्या, ठीक आहेत. टोपी स्वच्छ.

कॉम्प्रेशन १६५, १७०, १६० पीएसआय. व्हॅक्युम १३ इंच, काटा सावकाश वरखाली तरंगतो. ऑइलला वास नाही.

सोलेनॉइडचा आवाज आला नाही. काढून बघितला, पुढची सुई खरोखर कापलेली आहे.

फिलरगेज

मग चित्र स्पष्ट आहे. कॉम्प्रेशन उत्तम, स्पार्क ठीक, म्हणजे इंजिन निरोगी आहे. फक्त ३ नंबर लीन आणि १, २ रिच. कार्बोरेटर एकच, त्यातून तिघांनाही सारखंच मिश्रण जातं. तेव्हा ३ नंबरला जादा हवा त्याच्या स्वतःच्या वाटेवर, म्हणजे मॅनिफोल्डच्या त्या पायाशी मिळतेय. ती भरून काढायला कोणीतरी एकूण पेट्रोल वाढवलं, म्हणून बाकीचे दोन काळे पडले आणि ॲव्हरेज गेलं. ३ नंबरच्या पायाचं मॅनिफोल्ड पॅकिंग, किंवा त्या पायाला जोडलेला एखादा व्हॅक्युम पाइप. यापलीकडे शोधायची गरज मला तरी वाटत नाही.

खात्री करून घ्या. आधी व्हॅक्युमचे सगळे पाइप एकेक करून चिमट्याने दाबा. दाबल्यावर आरपीएम बदलला तर त्या पाइपच्या पुढे गळती. रबरी पाइप बहुतेक वेळा टोकालाच फुटतात, निपलवरून काढून वाकवून बघा. बारीक चिरा वाकवल्याशिवाय दिसत नाहीत. टॅपेट कव्हरवरून येणारा ब्रीदर पाइप आणि डिस्ट्रिब्युटरच्या ॲडव्हान्सचा (ठिणगी लवकर पाडणाऱ्या डबीचा) पाइप विसरू नका. ॲडव्हान्सच्या डबीला तोंडाने ओढून बघा, व्हॅक्युम टिकला पाहिजे. नाही टिकला तर डायाफ्राम फाटलेला, आणि तीही एक गळतीच.

पाइप ठीक असतील तर मॅनिफोल्डच्या जोडाभोवती इंजिन ऑइल ब्रशने लावा. जिथे गळती आहे तिथे ऑइल आत ओढलं जाईल, आरपीएम बदलेल आणि सायलेन्सरमधून जरासा निळा धूर येईल. काही जण पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून बघतात. खुणा पटकन कळतात, पण खाली गरम एक्झॉस्ट आणि शेजारी डिस्ट्रिब्युटर असतो. ऑइलने भागतंय तर ती जोखीम कशाला?

चौथागिअर

एवढा खटाटोप कशाला, नवा कार्बोरेटर घालून मोकळे व्हा. काढाघालीची मजुरी मिळवली तर हिशेब तिथेच येतो.

फिलरगेज

गळती मॅनिफोल्डला असेल तर नवा कार्बोरेटर घालूनही ३ नंबर लीनच राहणार. शिवाय डुप्लिकेटमध्ये जेटवरचा आकडा आणि प्रत्यक्ष भोक जुळेलच असं नाही, थ्रॉटल शाफ्ट सैल बसतो, ॲक्सिलरेटर पंपाचा फवारा कमी-जास्त असतो. मूळ मिकुनी-सोलेक्सची बॉडी शाबूत असेल आणि शाफ्टला खेळ नसेल तर तीच दुरुस्त करावी. शाफ्टचं टोक बोटांत धरून वरखाली हलवा. नुसत्या हातालाच हललेलं कळत असेल तर बुश घालून घ्यावे लागतील, नाहीतर हवा तिथूनही शिरेल आणि आयडल दरवेळी वेगळं बसेल.

गॅस्केट_पेपर

मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटर एकदाच उतरवा, कारण तसंही वरचं काढल्याशिवाय खालचं पॅकिंग नीट बदलता येत नाही.

बॅटरीची निगेटिव्ह काढा, इंजिन थंड होऊ द्या आणि कुलंट उतरवा. मॅनिफोल्ड तापवण्यासाठी त्यातून पाणी फिरतं, ते तसंच राहिलं तर थेट हेडच्या तोंडात येईल. प्रत्येक पाइपला कागदी चिकटपट्टीवर नंबर लिहा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मॅनिफोल्ड निघाल्यावर जुन्या पॅकिंगकडे नीट बघा. जिथे हवा शिरत होती तिथे ते काळपट पडून कडक झालेलं किंवा कडेला तुटलेलं असतं, बाकी ठिकाणी त्याचा मूळ रंग टिकलेला असतो. ३ नंबरच्या भोवती तसं दिसलं की शंका फिटली.

तोंड साफ करताना हेडच्या ॲल्युमिनियमवर स्क्रू ड्रायव्हर चालवू नका, प्लॅस्टिकचा किंवा लाकडी खरवडा घ्या आणि पोर्टमध्ये स्वच्छ फडकं कोंबा. मॅनिफोल्डच्या तोंडावर स्टीलची पट्टी उभी धरून खालून ०.१ मिमीचा फिलर घालून बघा. जात असेल तर तोंड वाकलेलं आहे आणि नवं पॅकिंगही फार काळ टिकणार नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या मशिन शॉपमध्ये मिलिंगचा हलका हात मारून घ्या. तिथे असलं काम अडत नाही, फक्त तिन्ही पाय एकाच सेटिंगमध्ये घ्यायला सांगा. पाय वेगवेगळे घासले तर त्यांची पातळी जुळणार नाही.

कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये काळा जाड इन्सुलेटर असतो. तो जास्त आवळल्याने मधून वाकतो आणि कार्बोरेटरच्या पायाचे कानही खाली ओढले जातात. काचेवर २४० नंबरचा पॉलिश पेपर पसरून कार्बोरेटरचा पाय त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यात हलकेच घासा. सगळीकडे सारखी चमक आली की पुरे. इन्सुलेटर मात्र नवाच घ्या.

परत बसवताना मॅनिफोल्डचे नट मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत, साधारण २० न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. सिलिकॉन सीलंट लावू नका. पेट्रोलच्या वाफेने तो फुगतो, सुटतो आणि तुकडे पोर्टमधून आत जातात.

कार्बोरेटर उघडलाच आहे तर पुढचं करून घ्या. झाकण काढल्यावर फ्लोट चेंबरच्या (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या कप्प्याच्या) तळाशी पांढरट पूड किंवा लालसर चिखल दिसतो का बघा. पांढरी पूड म्हणजे पाण्यामुळे खाल्लेलं ॲल्युमिनियम, लाल म्हणजे टाकीतला गंज. स्लो जेटचं (आयडलचं पेट्रोल मोजणाऱ्या जेटचं) भोक अगदी बारीक असतं आणि तेच आधी तुंबतं. त्यात तार घालू नका, पितळ मऊ असतं, एक ओरखडा पडला तरी माप बदलतं. क्लीनरमध्ये भिजवा आणि ३ ते ४ बार हवेने उलट्या दिशेने मारा. हवा मारण्याआधी सगळे रबरी भाग, डायाफ्राम आणि फ्लोट बाहेर काढलेले असू द्या. लहान स्टीलच्या गोळ्या असतात त्या कुठून निघाल्या ते लिहून ठेवा, उडाल्या तर शोधून सापडत नाहीत.

निडल व्हॉल्व्ह तपासायला झाकण उलटं धरा, फ्लोट आपल्या वजनाने सुई दाबेल, पेट्रोलच्या नळीतून तोंडाने फुंका. हवा अजिबात जाता कामा नये. सुईच्या टोकाला गोल खाच पडली असेल तर सीटसकट बदला. फ्लोट कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल हिंदकळलं तर तो बुडणार आणि चेंबर भरून वाहणार.

ॲक्सिलरेटर पंपाचा डायाफ्राम ताणून उजेडात धरा. जोडल्यानंतर, इंजिन बंद असताना, वरून टॉर्च मारून थ्रॉटल हाताने उघडा. थ्रॉटल हलताक्षणी फवारा सुटला पाहिजे, सलग आणि सरळ. उशिरा सुटला किंवा नुसता टपकला तर तुमचा तो पिकअपचा खड्डा मॅनिफोल्ड दुरुस्त करूनही थोडा राहील.

सोलेनॉइड नवा, न कापलेला. बसवल्यावर चाचणी सोपी: आयडलला इंजिन चालू ठेवून त्याची वायर ओढा. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं पाहिजे. नाही पडलं तर पेट्रोल अजून दुसऱ्या वाटेने येतंय, बहुधा थ्रॉटल जास्त उघडा आहे किंवा फ्लोटची पातळी वर आहे. पातळीसाठी फ्लोट चेंबरला छोटी गोल काच असते, इंजिन चालू असताना पेट्रोल तिच्या मधल्या खुणेशी दिसायला हवं.

मोलॅसिस

एका गोष्टीकडे कोणी आलं नाही म्हणून लिहितो: पेट्रोलमधलं इथेनॉल. आपल्याच भागातल्या कारखान्यांच्या ऊसमळीपासून ते बनतं. देशभरात १० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट जून २०२२ ला गाठलं गेलं, आणि २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर आलं. १९९७ चा कार्बोरेटर यासाठी कधी जुळवलेला नव्हता.

हिशेब असा. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. त्यामुळे २० टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. जेटमधून पेट्रोल तेवढंच जातं, हवा तेवढीच येते, म्हणून मिश्रण आपोआप सात-आठ टक्के लीन होतं. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे भरून काढतो. कार्बोरेटरला ते कळत नाही. सम्राटनगरकरांच्या गाडीत मूळ दोष गळतीचाच आहे, पण मुळातच थोडं लीन असलेल्या आयडलला ती गळती जास्त झोंबली.

आयडलपुरता यावर उपाय मिक्श्चर स्क्रू अर्धा-पाऊण आटा जास्त बाहेर ठेवणं. मेन जेट लगेच बदलू नका. जुने कार्बोरेटर कंपनीतूनच थोडे रिच असत, त्यामुळे बऱ्याच गाड्यांना गरज पडत नाही. चढावर पूर्ण ॲक्सिलरेटरला दम कमी वाटला, प्लग पांढरे आले, तर जेट एक पायरी मोठा. प्रवाह व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो हे लक्षात ठेवा: ९५ चा ९७.५ केला तर व्यास २.६ टक्के वाढतो, पण पेट्रोल सुमारे ५ टक्के. जेटला ड्रिल लावू नका.

ॲव्हरेजमध्ये थोडी घट राहणारच. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश असते. १७ चा आकडा शुद्ध पेट्रोलच्या काळातला असेल तर आता १६ च्या आसपास समाधान माना.

आपल्या पंपावर किती इथेनॉल आहे हे घरी कळतं. १०० मिलीची आखीव काचनळी घ्या, ५० मिली पाणी, ५० मिली पेट्रोल, झाकण लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि पाण्याची रेघ ५० वरून वर सरकते. ६० वर आली तर २० टक्के. मोकळ्या हवेत करा, वापरलेलं पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

दुसरी अडचण पाण्याची. मिश्रित पेट्रोल थोडं पाणी विरघळवून घेतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि पंप तळातूनच ओढतो. इथल्या पावसाळ्यात महिनाभर अर्ध्या टाकीवर उभी राहिलेली गाडी सुरू होताना धक्के मारते त्याचं हे एक कारण असू शकतं. टाकीच्या तळातलं लिटरभर काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा. सकाळी मध्ये रेघ दिसली तर टाकी रिकामी करून धुवा, फिल्टर बदला. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आत ओलसर हवेला जागा राहत नाही. टाकीच्या झाकणाचं रबरही बघा.

आणि जुने रबरी पेट्रोल पाइप सगळे बदला. इथेनॉलने ते फुगतात, मऊ पडतात, आतून त्यांची काळी साल सुटते आणि ती स्लो जेटमध्ये येऊन बसते. नव्या पाइपवर एसएई जे३० आर९ असं छापलेलं बघून घ्या. नुसता काळा पाइप म्हणून पाण्याचा पाइप कोणी गळ्यात मारला तर तो इंजिनावर पेट्रोल सांडेल, आणि आग तिथूनच लागते.

सम्राटनगर_८००

मॅनिफोल्ड उतरवला. ३ नंबरच्या खालच्या बाजूला पॅकिंग काळं पडून तुटलेलं होतं. तोंड सपाट आहे. पॅकिंग, इन्सुलेटर, सोलेनॉइड, पाइप, पंपाचा डायाफ्राम नवे घातले, जेट साफ केले, चेंबरमध्ये पांढरी पूड होती. व्हॅक्युम आता १७, काटा स्थिर. शेवटचं ट्यूनिंग कुठल्या क्रमाने करू? पीयूसीही संपत आलंय. आणि पन्हाळ्याला किंवा गगनबावड्यावरून खाली कोकणात जाताना परत सेटिंग लागेल का?

फिलरगेज

टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) आधी, मग टायमिंग, शेवटी कार्बोरेटर. हा क्रम उलटा केला तर काम परत करावं लागतं. टॅपेटचा गॅप आणि टायमिंगचा अंश बॉनेटखालच्या स्टिकरवरून किंवा सर्व्हिस बुकातून घ्या. टॅपेटला थंड आणि गरम इंजिनाचे आकडे वेगळे असतात हे बघा. टायमिंग लाइट लावताना ॲडव्हान्सचा पाइप काढून त्याचं तोंड बुचाने बंद करा.

आता कार्बोरेटर. इंजिन पूर्ण गरम, चोकची दांडी पूर्ण आत, आणि वरून चोकची पाती उभी आहे ना हे डोळ्यांनी बघा, केबल अडकून ती अर्धी राहते. एअर फिल्टर बसवलेला, दिवे-पंखा बंद. रेसचा स्क्रू पूर्ण मागे घ्या, लिव्हरला टेकेपर्यंत आत आणा आणि तिथून एक-दीड आटा पुढे. मिक्श्चर स्क्रू हलक्या बोटाने टेकेपर्यंत आत घाला, जोराने आवळला तर सुईला कडं पडतं. तिथून अडीच आटे बाहेर. इंजिन चालू करून रेसच्या स्क्रूने आयडल ९०० च्या आसपास आणा. मग मिक्श्चर स्क्रू पाव-पाव आटा फिरवा आणि दरवेळी दहा सेकंद थांबा, कारण इंजिनाला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो. आरपीएम सर्वात जास्त होईल ती जागा शोधा. रेसने परत ९०० वर आणा, परत मिक्श्चर बघा. दोन-तीन फेऱ्यांनंतर स्क्रू फिरवून आरपीएम वाढेनासा होतो. तिथून किंचित आत, २०-३० आरपीएम पडेपर्यंत. स्क्रू पूर्ण आत घातल्यावर इंजिन बंद पडतंय का बघून घ्या. पडलं पाहिजे. आधी पडत नव्हतं, हाच तर सगळा घोटाळा होता.

हे झाल्यावर पीयूसीला जा, आणि सर्टिफिकेटच्या आधी यंत्रावरचे आकडे मागा. भारत स्टेज-२ या प्रदूषण नियमांच्या आधीच्या चारचाकीला आयडलला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम ही मर्यादा आहे. मर्यादेत बसणं आणि नीट चालणं या वेगळ्या गोष्टी. तुमच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड १ ते दीड टक्का आणा. ते ३ च्या वर असेल तर रिच. ते अर्ध्या टक्क्याखाली आणि हायड्रोकार्बन मात्र भरपूर, तर लीन होऊन मिस मारतेय, स्क्रू पाव आटा बाहेर. कार्बन मोनॉक्साइड ठीक पण हायड्रोकार्बन जास्त, तर परत प्लग-वायरींकडे वळा. सायलेन्सरला कुठे भोक असेल तर आकडे खोटे येतात, बाहेरची हवा मिसळते.

घाटासाठी काही करू नका. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा सुमारे ४०० मीटर उंच, हवा ४ टक्के विरळ होते, मिश्रण त्याच्या निम्म्याने, २ टक्के रिच होतं. कोकणात उतरल्यावर तितपतच लीन. दोन्ही स्क्रूच्या पाव आट्याच्या आतलं आहे.

गॅस्केट_पेपर

एवढंच अजून: इंजिन दोन-चार वेळा पूर्ण गरम-थंड झाल्यावर, थंड असताना मॅनिफोल्डचे आणि कार्बोरेटरच्या पायाचे नट पान्याने एकदा बघून घ्या. नवं पॅकिंग दबतं आणि नट पाव आटा सैल सापडतो. ३ नंबरच्या खालचा नट हाताला सहज लागत नाही, म्हणून तोच राहून जातो. युनिव्हर्सल जॉइंट लावलेला १२ चा सॉकेट खालून घाला.